सातवी ओळ

३ तारीख, सोमवार

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे मला सोडतीसारखं वाटतं, लागलं तर लागलं. आणि टाइप एकाच बोटानं जमतं, त्यामुळे दोन ओळी होईपर्यंत चहा गार होतो. मावशी म्हणाली रोज थोडं टाइप कर, हात बसेल, उद्या ऑफिसात बसायची वेळ आली तर अडायला नको. तिनं तिचा जुना फोन मला देऊन टाकला. काय लिहू विचारलं तर म्हणाली काहीही लिही, जेवलीस काय, रुसलीस कुणावर, मी काही वाचायला येणार नाही.

तर आज मी मावशीकडे राहायला आले. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या. खिडकीतून सरळ रस्ता दिसतो आणि त्याच्या टोकाला कारखान्याचं पत्र्याचं छप्पर. मावशीनं माझ्यासाठी कपाटाचा एक खण रिकामा करून त्यात कागद घातला होता. नवीन चपला आणून ठेवल्या होत्या, एक नंबर मोठ्या. म्हणाली पाय वाढतील. मी सतरा वर्षांची आहे, आता कुठले वाढतायत. मावशीला मूलबाळ नाही, त्यामुळे सगळी माया माझ्याच डोक्यावर पडणार असं दिसतंय. पडू दे.

मावशी कारखान्याच्या ऑफिसात कागदपत्रं बघते. गालात कायम एक लवंग. दाढ दुखायची तेव्हा सवय लागली, दाढ काढली तरी लवंग राहिली. ती जवळून गेली की आधी लवंग येते आणि मग मावशी.

मी नववीत शाळा सोडली. नापास नव्हते. पण बाईंनी वाचायला उभं केलं की घसा बंद व्हायचा. अक्षरं दिसायची, आवाज निघायचा नाही. पोरं खांब म्हणायची. मग मी शाळेच्या वेळी टाकीमागे जाऊन बसायला लागले, आणि एक दिवस घरातूनच निघाले नाही. हे लिहितानाही कान गरम झाले. मावशीनं कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकलाय. म्हणाली म्हणे, माझी भाची आहे, बोलणार नाही पण खोटं लिहिणार नाही.

उद्यापासून कामावर. नवीन चपलांत कापूस घालून बघितला, बसतात.

४ तारीख, मंगळवार

कारखाना म्हणजे एक लांब शेड. बागांमध्ये औषध मारायची मोठी फवारणी मशीनं इथं दुरुस्तीला येतात. मशीनला दोन लांब हात, एकेका हातावर तीन पंखे. नळीतून औषध बारीक थेंबांनी सुटतं आणि पंखा ते पानांवर उडवतो. मला वाटायचं पंखे विजेवर चालत असतील. नाही, तेलाच्या दाबावर. पंप तेल ढकलतो, ते सहा वॉल्व्हमधून सहा पंख्यांना जातं आणि फिरून टाकीत परत येतं.

माझं काम तेल मोजायचं. आधी मशीन वीस मिनिटं चालवून तेल गरम करायचं, काटा पन्नासवर आला पाहिजे, कारण गार तेल खोटं बोलतं. मग एकेका वॉल्व्हला मीटर जोडायचं, दाब द्यायचा, एक मिनिट काट्याकडे बघायचं आणि कार्डावर आकडा लिहायचा. प्रत्येकाचे नऊ लिटर आले पाहिजेत. पंप देतो चोपन्न. नऊ सक चोपन्न, जमलं.

शिकवणारे मिस्त्री काका. वाळक्या अंगाचे, चष्म्याला दोरी. एकच वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणतात. तेल कुठं जात नाही पोरी, एकीकडे कमी भरलं तर दुसरीकडे जास्त सापडणार, चोर घरातलाच असतो.

कार्ड जाड पिवळ्या कागदाचं, त्यावर सात ओळी छापलेल्या. मिस्त्री काकांनी एकेक ओळ समजावून सांगितली. ते शेवटच्या ओळीवर आले आणि तेवढ्यात वेल्डरनं ग्राइंडर लावला. काकांचे ओठ हलताना दिसले. त्यांनी बोट ओळीवरून आडवं फिरवलं, मला वाटलं धूळ पुसतायत. ग्राइंडर थांबल्यावर विचारलं, कळलं ना. मी मान हलवली. परत विचारायचं म्हणजे त्यांना वाटलं असतं ही बहिरी आहे की बावळट.

वेल्डरनं माझं नाव सायलेन्सर ठेवलं. म्हणाला शेडमध्ये एवढा गोंगाट, एक सायलेन्सर हवाच होता. सगळे हसले, मी पण. खांबापेक्षा बरं आहे.

६ तारीख, गुरुवार

आज पहिलं मशीन एकटीनं केलं. मिस्त्री काका दुसऱ्या टोकाला पंप उघडून बसले होते, कोपरापर्यंत तेलात.

सहाही वॉल्व्ह मस्त. नऊ, नऊ, नऊ, एकाचे जरा कमी भरले तर जोड घट्ट केला, नऊ. अक्षर चांगलं काढलं. आणि मग सातवी ओळ.

मी मशीनभोवती दोनदा फिरले. वाकून बघितलं. वॉल्व्ह सगळे एका लोखंडी ठोकळ्यात बसवलेत, एका रांगेत सहा, आणि सहाव्याच्या शेजारी दोन बोल्टचं एक चपटं झाकण. त्या झाकणाखाली असेल का सातवा? ते उघडायचं असतं का? काकांनी ग्राइंडरच्या आवाजात नेमकं हेच सांगितलं असेल. जाऊन विचारावं म्हणून चार पावलं गेले सुद्धा. काका कुणाला तरी ओरडत होते की एकदा सांगितलेलं डोक्यात राहत नाही का. मी परत फिरले.

बाकी सगळे नऊ, तर हाही नऊच असणार. लिहिलं.

काकांनी दोरी धरून चष्मा वर केला, वरचे आकडे बघितले, शाब्बास म्हणाले आणि खाली सही केली. अंगठा नेमका सातव्या ओळीवर होता.

मावशीनं संध्याकाळी खालच्या सायकलवाल्याला सांगितलं की आमच्या पोरीनं पहिल्याच आठवड्यात एकटीनं मशीन पास केलं. मी वरच्या पायरीवर उभी होते. तिला थांबवावंसं वाटत होतं.

८ तारीख, शनिवार

काल दोन मशीनं झाली, दोन्ही कार्डांवर सातव्या ओळीत नऊ. एकदा लिहिल्यावर दुसऱ्यांदा हात अडत नाही. आज नुसती साफसफाई होती.

डबा खाताना वेल्डर मला म्हणाला, काय सायलेन्सर, सहाही पोरं नीट वागतायत ना. काय झालं कुणास ठाऊक, मी बोलले. म्हटलं, आणि सातवा?

सातवा? तो म्हणाला, सातवा तुझ्या लग्नात हुंडा म्हणून लावू. मग सगळ्यांनी मिळून मला समजावलं. सात ओळींचं कार्ड कुठल्यातरी मोठ्या मशीनसाठी छापलं होतं, ते मशीन इथं कधी आलंच नाही. कार्डांचे गठ्ठे उरलेत, टाकायचे कशाला म्हणून वापरतात. सातव्या ओळीवर आडवी रेघ मारायची. मिस्त्री काका म्हणाले हे तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं हिला. मी म्हटलं, हो, गंमत केली.

डबा बंद केला. तीन कार्डं ऑफिसात गेली, मावशीनं वहीत उतरवली, मशीनं गिऱ्हाइकांकडे गेली. नसलेल्या वॉल्व्हमधून मिनिटाला नऊ लिटर. नऊ साते त्रेसष्ट, आणि पंप देतो चोपन्न. कुणी नुसती बेरीज केली तरी मी पकडली जाईन. आणि माझ्याआधी मावशी, जिनं शब्द टाकला.

कालपासून तहान पण फार लागतेय. गर्मी नाही, काही नाही.

९ तारीख, रविवार

सुट्टी. सकाळपासून अठरा पेले पाणी प्यायले, मोजले. जीभ टाळूला चिकटते आणि सोडवताना आवाज येतो. ओठ फुटले. मावशीनं तूप लावलं, ते लगेच जिरलं, कोरड्या भिंतीत जिरावं तसं. एवढं पाणी पिऊन मोरीत फक्त एकदा गेले.

फोन माझं बोट ओळखत नाहीये. काचेवर बोट ठेवते आणि काहीच होत नाही, पाच-सहा वेळा दाबलं की एखादं अक्षर उमटतं. मावशी म्हणाली बोट कोरडं असलं की असं होतं, जरा ओलं कर. जिभेवर ठेवलं. जीभही कोरडी.

१० तारीख, सोमवार

आज दुसरंच मशीन होतं, आणि सुरू करायच्या आधीच त्याच्यावरचं ते झाकण ओलं होतं. सहाव्याच्या शेजारचं. मला वाटलं तेल गळतंय. पण तेल पिवळं असतं आणि बोटाला बुळबुळीत लागतं. हे पाण्यासारखं. मशीन बंद, तेल गार, सगळं लोखंड गार. आणि झाकण कोमट.

मला भीती वाटली. सातवी ओळ मी कोरी सोडली. रेघ मारायचं धाडस झालं नाही. आधीच्या तीन कार्डांवर नऊ आणि ह्याच्यावर रेघ, म्हणजे आपल्या हातानं चोरी दाखवल्यासारखं.

संध्याकाळी जेवताना मावशी म्हणाली, अगं वेंधळे, शेवटची ओळ भरायची राहिली होती तुझी, मी भरली. नऊच असतात ना?

मी म्हटलं, हो.

११ तारीख, मंगळवार

आज इतकं बरं वाटतंय. तोंडात लाळ आहे. लाळ असते हेही मी विसरले होते. ओठ मऊ झाले. शेडमध्ये शिरताना वेल्डरला मोठ्यानं म्हटलं, काय चाललंय? त्यानं हातातला मुखवटा मुद्दाम खाली पाडला आणि म्हणाला, पळा रे, सायलेन्सर फुटला.

झाकणाची ओल मिस्त्री काकांनीही बघितली. दमट हवा म्हणाले. तरी बघू म्हणून दोन्ही बोल्ट काढून झाकण उघडलं. मागे भोक नाही. सपाट, भरीव लोखंड. ह्यातून काय गळणार, म्हणाले, आणि फडक्यानं पुसून परत बसवलं. पुसताना वास आला. काकांनी फडकं नाकाजवळ नेलं आणि परत झाकणाकडे बघितलं.

लवंग.

घरी आले तर मावशीनं माठ रिकामा केला होता. म्हणाली आज काय कुणास ठाऊक, दिवसभर घसा सुकतोय.

१३ तारीख, गुरुवार

आता मला सगळं कळलंय. लिहूनच टाकते, निदान कुठंतरी खरं असू दे.

सातव्या ओळीत नऊ मी लिहायचे तेव्हा मी वाळत होते. आता मावशी लिहिते, मावशी वाळते. ज्यानं शेवटचं लिहिलं त्याच्यातून जातं. तेल कुठं जात नाही. आकडा लिहिलाय म्हटल्यावर तो कुठून तरी भरला पाहिजे, पंपातून नाही तर माणसातून.

आज डब्याच्या सुट्टीत सगळे बाहेर होते तेव्हा मी मापाचं भांडं झाकणाखाली धरलं. घड्याळ लावून एक मिनिट. सहा चमचे. मशीन बंद होतं.

मावशी डॉक्टरकडे जाऊन आली. रक्तात साखर नाही, ताप नाही. मीठ-साखरेचं पाणी प्या म्हणाले. मावशी हसली, म्हणाली माझं वय झालं ग, झाड जुनं झालं की साल सुटणारच. तिनं हात पुढे केला. हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते.

उपाय सोपा आहे. उद्या मी माझ्या हातानं नऊ लिहायचं. मग ते परत माझ्याकडे येईल. मावशी सुटेल. आणि दुपारी मिस्त्री काकांना सगळं सांगायचं.

१५ तारीख, शनिवार

काल लिहिलं नाही. कार्डावर पण.

पेन उचललं होतं. सातव्या ओळीवर टेकवलं होतं, शाईचा ठिपकाही पडला. मग रविवारची जीभ आठवली. टाळूवरून सुटताना यायचा तो आवाज. आणि मी ओळ कोरी सोडली, कार्ड ऑफिसात दिलं. मावशीनं काचेतून बघून हात केला, पेन घेतलं आणि भरलं.

आजही तेच.

विसरले नव्हते. घाबरून पळालेही नाही. तिथं उभी राहून बघत होते.

१७ तारीख, सोमवार

काल डॉक्टरांनी मावशीला दोन बाटल्या लावल्या. दुपारपर्यंत गाल भरल्यासारखे दिसले. संध्याकाळी परत तसेच. डॉक्टर म्हणाले एवढं पाणी दिलं ते गेलं कुठं. मी खाली मान घालून बाटलीची नळी गुंडाळत बसले.

तरी आज ती कामावर आली. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवून खाली रबर लावलंय, नाहीतर गळतात.

भांडं एका मिनिटात अर्धं भरलं. ओतून कुठं देऊ? मोरीत ओतवेना. झाडाला घातलं. ते मावशीचं आहे.

१८ तारीख, मंगळवार

आज एक गिऱ्हाईक आलं होतं. मिस्त्री काका म्हणाले, हिला विचारा, ही सांगेल. मी कार्ड हातात धरून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. एकेक आकडा. घसा बंद झाला नाही. आवाज कसा पाण्यासारखा निघत होता. शेवटपर्यंत वाचलं, सातवीच्या आधी थांबले. गिऱ्हाईक म्हणालं पोरगी चुणचुणीत आहे. काका म्हणाले आमची तयार झाली.

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या बोलण्याचं कौतुक केलं.

तो ओलावा माझा नव्हता. मला माहीत होतं. आणि तरी मला आवडलं.

१९ तारीख, बुधवार

मावशी उठू शकली नाही. डॉक्टर म्हणतात उद्या मोठ्या दवाखान्यात हलवू, आज तिथं खाट नाही.

सकाळी निघताना तिनं खुणेनं बोलावलं. आवाज म्हणजे कागद चुरगळल्यासारखा. म्हणाली तुझी ओळ राहिली तर तुला ओरडतील, कार्ड घरी घेऊन ये, मी इथं भरते.

मी आणलं.

तिला उशीला टेकवून बसवलं. कार्डाखाली पाट धरला. तिनं नऊ काढला. खालची शेपटी काढताना पेन दोनदा घसरलं. मी पाट धरून होते. माझा हात कापत नव्हता.

मी कसली माणूस आहे—

२० तारीख, गुरुवार, सकाळी

आज लिहायचं. काहीही झालं तरी. मी लिहिणार, नऊ, माझ्या हातानं. पाणी न पिता निघाले, म्हणजे सवय होईल.

२० तारीख, दुपारी

नवीन कार्डं आली. पांढरी. सहा ओळी.

सातवी ओळच नाही.

जुनी कुठं आहेत विचारलं. मोठ्यानं विचारलं, ओरडूनच. वेल्डर म्हणाला संपली, शेवटची दोन-चार मी चहाच्या ग्लासाखाली ठेवायला घेतली होती, भिजून लगदा झाली. मी नवीन कार्डावर खाली मोकळ्या जागेत नऊ लिहिलं. दहा वेळा लिहिलं. झाकणाला हात लावला. लवंग. अजून लवंग.

मग मिस्त्री काकांना सांगितलं. सगळं, पहिल्या दिवसाच्या ग्राइंडरपासून. ते ओरडतील असं वाटत होतं. ते नाही ओरडले. झाकणाजवळ गेले, बोट लावून वास घेतला. म्हणाले, तुझी मावशी लवंग खाते ना. मग चष्मा काढून कितीतरी वेळ शर्टाला पुसत राहिले.

म्हणाले, इथला नियम एकच आहे. चुकलेला आकडा ज्यानं लिहिला त्यानंच खोडायचा, एक आडवी रेघ, शेजारी सही. दुसऱ्याच्या हातची रेघ चालत नाही. तिच्या हातची आठ कार्डं आहेत. घेऊन जा, पळ.

मी दारात पोचले तेव्हा मागून म्हणाले, पोरी, एकदा विचारलं असतंस तर मी परत सांगितलं असतं. मी ओरडतो, पण सांगतो.

आठ कार्डं. आता मी घरी खिडकीशी आहे. दवाखान्याची गाडी अजून आलेली नाही. मावशी झोपलीय. उठवते.

२० तारीख, नंतर

सांगितलं. ऐकताना तिनं डोळे मिटले नाहीत. मिटता येत नाहीत बहुतेक, पापण्या कोरड्या—

तिनं फक्त एक विचारलं. कधी कळलं तुला?

मी म्हटलं, आज.

आज म्हटलं मी. तेरा तारखेला कळलं. आज म्हटलं.

ती म्हणाली मग ठीक आहे, तुझी काय चूक. माझ्या गालावरून हात फिरवला, खरखरीत. पेन दे म्हणाली.

पहिलं कार्ड. रेघ. सही.

दुसरं.

तिच्या ओठांवर थोडी ओल आली. खरंच आली. मला दिसली. तिसरं, चौथं. सही आता नुसती टिंबं. हात धरू का म्हटलं, नको म्हणाली, मग ती तुझी रेघ होईल.

पाचवं.

२० तारीख

पाच झाली. तीन राहिली. जरा टेकते म्हणाली. डोळे उघडेच आहेत. पेन बोटांत आहे.

ती उठली की खरं सांगणार. तेरा तारीख. आधी तेरा तारीख सांगणार, मग कार्ड देणार. मग तिला खोडावंसं वाटलं तर—आणि नाही वाटलं तर—

हाक मारली. दोनदा. हळू मारली.

मोठ्यानं मारायला पाहिजे. मारता येते मला आता. पण तिनं ऐकलं आणि तरी ती

कारखान्याच्या मालकीणबाईंना मुलगी झाली. आत्ता मेसेज आला सगळ्यांना, मावशीच्याही फोनवर वाजला. बाळ-बाळंतीण दोघी ठीक आहेत. मावशीला सांगायला पाहिजे, तिनं बाळासाठी स्वेटर विणायला घेतलाय, पिवळा, एक बाही झाली आणि दुसरी अजून